इंग्लंडमध्ये नवीन आहात? जीपी सर्जरी आणि तिच्या आजूबाजूची मदत कशी वापरायची

महाराष्ट्रातून इंग्लंडला आलेल्या माणसाचं पहिल्या महिन्यात घर, बँक, सिमकार्ड आणि मुलांची शाळा यातच डोकं अडकलेलं असतं. डॉक्टर आठवतो तो ताप चढल्यावर. आपल्याकडे ते खपून जातं. कोपऱ्यावरच्या दवाखान्यात नंबर लावायचा, फारच वाटलं तर थेट हाडांच्या नाहीतर कातडीच्या डॉक्टरकडे जायचं. इथे तसं चालत नाही. तातडीचा प्रसंग सोडला तर जवळपास सगळं तुमच्या भागातल्या जीपी सर्जरीतून पुढे जातं. जीपी म्हणजे फॅमिली डॉक्टर आणि सर्जरी म्हणजे त्यांचा दवाखाना.

आणखी एक गोष्ट नव्या लोकांच्या उशिरा लक्षात येते. या दवाखान्यात डॉक्टरपेक्षा बाकीची माणसं जास्त असतात. नर्स, फार्मासिस्ट, फिजिओ तर असतातच, शिवाय एकटेपणा, घरभाडं, म्हाताऱ्या आईची देखभाल अशा बाबतींत कुठे जायचं हे सांगणारी माणसंही असतात. माझा अनुभव असा, की ज्यांना ही माणसं वापरता आली त्यांचं इथे बरं चाललं आहे, आणि जे फक्त डॉक्टरच्या दहा मिनिटांची वाट बघत बसले ते पाच वर्षांनंतरही एनएचएसच्या, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या, नावाने बोटं मोडतात.

हा लेख इंग्लंडपुरता आहे. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये एनएचएस आहेच, पण कारभार आणि नियम तिथले वेगळे.

पहिली पायरी: आजारी पडायच्या आधी नाव नोंदवा

एनएचएसच्या वेबसाइटवर तुमचा पोस्टकोड टाकला की जवळच्या सर्जरींची यादी येते. बहुतेक सर्जरी ऑनलाइन नोंदणी घेतात. नाहीतर काउंटरवर जाऊन जीएमएस१ नावाचा फॉर्म भरायचा. प्रत्येक सर्जरीचा ठरलेला भाग असतो आणि तुमचं घर त्याच्या बाहेर असेल तर त्या नकार देऊ शकतात. काही सर्जरी बाहेरच्यांनाही घेतात, पण मग डॉक्टर घरी येऊन तपासणार नाहीत हे आधीच सांगतात.

घराचा पुरावा नाही म्हणून बरेच जण महिनोन्‌महिने थांबतात, कारण भाड्याचा करार मित्राच्या नावावर असतो, किंवा लाइटचं बिल अजून आलेलं नसतं. थांबायचं कारण नाही. नोंदणीसाठी पत्त्याचा पुरावा, ओळखपत्र, व्हिसाचे कागद यातलं काहीही सक्तीचं नाही. सर्जरी मागू शकते, असतील तर दाखवावेत, काम सोपं होतं. पण कागद नाहीत एवढ्याच कारणावरून नोंदणी नाकारता येत नाही. काउंटरवरच्या नव्या माणसाला हे माहीत नसेल तर आवाज न चढवता प्रॅक्टिस मॅनेजरशी बोलायचं आहे असं सांगा. सर्जरीचा सगळा कारभार मॅनेजर बघतो आणि त्याला नियम माहीत असतात.

घरातल्या प्रत्येकाचं नाव वेगळं नोंदवायचं, तान्ह्या बाळाचंसुद्धा. विद्यापीठात शिकायला आलेल्या मुलांनी तर पहिल्याच आठवड्यात हे उरकावं. मेनिंजायटिसची लस (मेन-एसीडब्ल्यूवाय) राहिली असेल तर ती पंचविसाव्या वाढदिवसापर्यंत फुकट मिळते. वसतिगृहात हा आजार झपाट्याने पसरतो, म्हणून ती टाळू नये.

नोंदणी झाली की दहा आकडी एनएचएस नंबर मिळतो. मग फोनवर एनएचएस ॲप घ्या. नेहमीच्या गोळ्या मागवणं, रिपोर्ट बघणं, हॉस्पिटलच्या तारखा, सगळं त्यात असतं. औषधाची चिठ्ठी कोणत्या फार्मसीत जावी हेही तिथेच ठरवून ठेवता येतं, कारण इथे चिठ्ठी बहुतेक वेळा कागदावर हातात येतच नाही, परस्पर दुकानात जाते.

सोबत काय आणावं

रोजची औषधं चालू असतील तर दोन-तीन महिन्यांचा साठा आणि डॉक्टरांची इंग्रजीतली चिठ्ठी आणा. चिठ्ठीवर ब्रँडच्या नावापेक्षा मूळ औषधाचं नाव आणि मात्रा महत्त्वाची. ग्लायकोमेट म्हटलं तर इथल्या डॉक्टरला कळेलच असं नाही, मेटफॉर्मिन ५०० म्हटलं की लगेच कळेल. तसंच थायरोनॉर्मचं लेवोथायरॉक्सिन, टेल्माचं टेल्मिसार्टन, इकोस्प्रिनचं ॲस्पिरिन. आपल्याकडे दोन-तीन औषधं एकाच गोळीत घातलेल्या मिश्र गोळ्या सर्रास मिळतात. त्यातल्या बऱ्याच इथे मिळत नाहीत, मग तेच औषध वेगवेगळ्या गोळ्यांत दिलं जातं. त्यावरून काळजी करू नका.

गोळ्या संपायच्या आदल्या दिवशी फोन करून उपयोग नाही. नोंदणी झाल्या झाल्या औषधांसाठी अपॉइंटमेंट मागा. मुलांची लसीची कार्डं आणा, म्हणजे नर्स इथल्या वेळापत्रकाशी ताडून राहिलेल्या लसी देईल. जुन्या मोठ्या आजाराचा एका पानाचा इंग्रजी सारांश असेल तर तो सोन्याहून पिवळा. चाळीस पानांची फाइल दहा मिनिटांत कोणी वाचत नाही.

पैसे कुठे लागतात, कुठे नाही

एनएचएस ५ जुलै १९४८ला सुरू झाली तेव्हापासून तत्त्व एकच: उपचाराच्या वेळी पैसे नाहीत. सहा महिन्यांपेक्षा मोठ्या व्हिसासाठी आपण जो इमिग्रेशन हेल्थ सरचार्ज भरतो तो फेब्रुवारी २०२४पासून प्रौढांना वर्षाला १,०३५ पौंड आणि विद्यार्थ्यांना व मुलांना ७७६ पौंड आहे. हेल्थ अँड केअर वर्कर व्हिसावाल्यांना तो माफ आहे. सरचार्ज भरला की जीपी आणि हॉस्पिटल दोन्हींचा खर्च निघतो. औषधं, दात आणि चष्मा मात्र त्यात येत नाहीत, आणि नवे लोक फसतात ते इथेच.

औषधाच्या चिठ्ठीवरच्या प्रत्येक औषधाला मे २०२४पासून ९.९० पौंड पडतात. महिन्याला दोन औषधं लागत असतील तर प्रीपेमेंट सर्टिफिकेट घ्या. वर्षाचे ११४.५० पौंड भरले की कितीही औषधं घ्या, आणि हप्त्यानेही भरता येतात. १६ वर्षांखालच्यांना, ६० आणि त्यावरच्यांना, गरोदर बाईला आणि बाळ झाल्यावर वर्षभर आईला औषधं फुकट असतात. मधुमेहावर गोळ्या किंवा इन्सुलिन घेणारे आणि थायरॉइड कमी पडतं म्हणून रोज गोळी घेणारेही यात बसतात, पण त्यासाठी सर्जरीतून फॉर्म भरून सर्टिफिकेट काढावं लागतं. आणि ते काढलं की मधुमेहाचीच नव्हे, सगळीच औषधं फुकट होतात. आपल्या किती लोकांना मधुमेह आणि थायरॉइड आहे ते बघता, हे सर्टिफिकेट न काढता वर्षानुवर्षं पैसे भरणारे भेटले की हळहळ वाटते. उलट, सर्टिफिकेट नसताना फुकटच्या रकान्यात खूण केली तर १०० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो.

साधी पॅरासिटामॉल मात्र चिठ्ठीवर मागू नका. सुपरमार्केटमध्ये ती काही पेन्समध्ये मिळते.

दाताच्या डॉक्टरचा जीपीशी संबंध नाही, तो वेगळा शोधावा लागतो, आणि एनएचएसचे नवे रुग्ण घेणारा दंतवैद्य मिळणं हे बऱ्याच गावांत खरोखर कठीण आहे. भारतात असतानाच दातांची कामं उरकून या, असं मी प्रत्येकाला सांगतो.

अपॉइंटमेंट कशी मिळवायची

सर्जरीची मुख्य वेळ सोमवार ते शुक्रवार, सकाळी ८ ते संध्याकाळी ६.३०. आठ वाजता फोन सुरू होतो आणि आठ वाजून एका मिनिटाला तुम्ही रांगेत पंधरावे असता. ही जुनी रड आहे. ऑक्टोबर २०२५पासून सर्जरींना दिवसभराच्या मुख्य वेळेत ऑनलाइन विनंती घेणं बंधनकारक झालं आहे. तेव्हा तातडीचं नसेल तर सरळ वेबसाइटवरचा किंवा ॲपमधला फॉर्म भरा. काय होतंय, कधीपासून, काय करून पाहिलं, कशाची भीती वाटते, हे चार ओळींत लिहा. फॉर्म वाचून तुम्हाला कोणाकडे पाठवायचं ते ठरतं. नोकरीमुळे दिवसा जमत नसेल तर संध्याकाळची किंवा शनिवारची वेळ मागा. ती शेजारच्या दुसऱ्या सर्जरीत मिळू शकते, कारण आसपासच्या सर्जरी मिळून एक गट चालवतात.

फोन केला तर रिसेप्शनिस्ट काय होतंय ते विचारेल. आपल्या लोकांना हे फार खटकतं: डॉक्टरला सांगायचं ते हिला कशाला सांगू? पण हा भोचकपणा नव्हे. तिला त्याचं प्रशिक्षण दिलेलं असतं आणि गुप्ततेचा नियम तिलाही लागू आहे. नाजूक विषय असेल तर ‘खासगी बाब आहे’ एवढंच सांगितलं तरी चालतं. स्त्री डॉक्टर हवी असेल तर त्याच वेळी सांगा. तपासणीच्या वेळी सोबत कोणी तिसरं माणूस हवं असेल तर तेही मागता येतं.

दुसरं, फोन उचला. सर्जरीचा आणि हॉस्पिटलचा फोन बऱ्याचदा नंबर न दाखवता येतो. अनोळखी म्हणून तो कापला की अपॉइंटमेंट गेली.

अपॉइंटमेंट साधारण दहा मिनिटांची असते. त्यात गुडघा, पित्त, केस गळणं आणि सासूबाईंचा रिपोर्ट हे सगळं बसत नाही. सगळ्यात मोठी काळजी सगळ्यात आधी सांगा. जाता जाता दारात उभं राहून ‘छातीतही जरा दुखतं’ म्हणणारे रुग्ण प्रत्येक डॉक्टरला भेटतात.

इंजेक्शन मिळणार नाही, सलाइन तर नाहीच, आणि सर्दी-खोकल्याला अँटिबायोटिकही बहुधा नाही. ‘पाणी प्या, आराम करा’ ऐकून लोक वैतागतात. विषाणूच्या तापाला अँटिबायोटिक लागू पडत नाही हे खरं असतं, पण त्याबरोबर डॉक्टर जे दुसरं वाक्य बोलतात त्याकडे लक्ष द्या: किती दिवसांत बरं वाटायला हवं, आणि काय झालं तर परत यायचं. ते बोलले नाहीत तर तुम्ही विचारा. त्या मुदतीत बरं वाटलं नाही तर संकोच न करता परत जा. दुसऱ्यांदा आलेल्या रुग्णाकडे इथे गंभीरपणे बघतात.

तपासण्या झाल्यावर ‘काही कळवलं नाही म्हणजे ठीकच असेल’ असं धरून चालू नका. ॲपमध्ये बघा, नाहीतर विचारा. तज्ज्ञाकडे पाठवलं असेल तर पत्र घरी येऊ शकतं, म्हणून घर बदललं की सर्जरीला आधी कळवा. जुन्या पत्त्यावर पत्र गेलं आणि तारीख चुकली तर तुम्हाला परत जीपीकडे पाठवतात आणि रांग पुन्हा सुरू होते.

डॉक्टरशिवाय होणारी कामं

रक्तदाब, मधुमेहाची नियमित तपासणी, लसी, गर्भाशयमुखाची चाचणी, जखमेचं ड्रेसिंग ही नर्सची कामं. गोळ्यांचा आढावा सर्जरीतला फार्मासिस्ट घेतो. पाठ-मान-गुडघ्यासाठी बऱ्याच सर्जरींत फिजिओ थेट बघतो.

आणि रस्त्यावरची फार्मसी तर आपल्याकडच्या मेडिकल स्टोअरसारखी फक्त औषध देणारी नाही. ३१ जानेवारी २०२४पासून ‘फार्मसी फर्स्ट’ नावाची सोय आहे. सायनसचा त्रास, घसादुखी, लहान मुलांची कानदुखी, चिघळलेला कीटकदंश, इम्पेटिगो हा कातडीचा संसर्ग, नागीण आणि १६ ते ६४ वयाच्या स्त्रियांची साधी लघवीची जळजळ, या सात तक्रारींत फार्मासिस्ट स्वतः तपासून गरज असेल तर अँटिबायोटिकसुद्धा देऊ शकतो. अपॉइंटमेंट नको, सर्जरीत फोन नको. बाजूच्या छोट्या खोलीत बोलायचं आहे असं सांगा. सात तक्रारींतली गोष्ट दुकानाच्या काउंटरवर मोठ्याने सांगायची गरज नाही.

शाकाहारी लोकांसाठी एक टीप: अनेक कॅप्सूल जिलेटिनच्या असतात आणि मुलांना शाळेत नाकातून देतात त्या फ्लूच्या लसीत डुकराचं जिलेटिन असतं. चालत नसेल तर फार्मासिस्टला किंवा नर्सला सांगा, मुलांना इंजेक्शनची लस मिळू शकते.

काही सेवांना जीपीची चिठ्ठीही लागत नाही. गरोदरपणात तुम्ही थेट हॉस्पिटलच्या दाईकडे, म्हणजे मिडवाइफकडे, ऑनलाइन नाव देऊ शकता. चिंता, उदासी, झोप उडणं यासाठी ‘एनएचएस टॉकिंग थेरपीज’मध्ये स्वतःच नाव नोंदवता येतं, नोकरीच्या ठिकाणी काही कळत नाही. लैंगिक आरोग्याच्या क्लिनिकलाही थेट जाता येतं.

१११ की ९९९?

सर्जरी बंद आहे, सकाळपर्यंत थांबवत नाही, पण जिवावरचं वाटत नाही, तेव्हा १११ला फोन करा. चोवीस तास, फुकट. ते प्रश्न विचारून ठरवतात: घरीच राहा, रात्रीच्या डॉक्टरशी बोला, अर्जंट ट्रीटमेंट सेंटरला जा, की अँब्युलन्स पाठवू. पाच वर्षांवरच्यांसाठी हेच ऑनलाइनही करता येतं, त्याहून लहान मुलांसाठी फोनच. मानसिक संकट असेल, जगणं नकोसं झालं असेल, तर १११ लावून दोन नंबरचा पर्याय निवडा. फक्त कोणीतरी ऐकून घ्यावं असं वाटत असेल तर समॅरिटन्सचा ११६ १२३ हा नंबर दिवसरात्र फुकट आहे.

छातीत आवळून येणं, चेहरा वाकडा होणं किंवा हात न उचलणं, बोलणं अडखळणं, श्वास न पुरणं, न थांबणारा रक्तस्राव, बेशुद्धी यात वेळ घालवायचा नाही, ९९९ फिरवायचा. अँब्युलन्सचे इथल्या रहिवाशाला पैसे पडत नाहीत. दक्षिण आशियाई लोकांत हृदयविकार इथल्या गोऱ्या लोकांपेक्षा जास्त आणि लवकरच्या वयात आढळतो. चाळिशीतल्या माणसाची छाती दुखली की ‘गॅस असेल’ म्हणून ओवा चघळत बसू नका.

दुभाषा मागणं हा हक्क आहे

जीपीकडे आणि हॉस्पिटलमध्ये दुभाषा फुकट मिळतो, बऱ्याचदा फोनवरून. अपॉइंटमेंट घेतानाच मराठी दुभाषा हवा असं सांगा आणि शक्य असेल तर दुप्पट वेळ मागा. ‘हिंदी चालेल’ असं सवयीने म्हणू नका. सातारच्या आजींना हिंदीत दुखणं सांगायला लावलं तर निम्मं मनातच राहतं. मुलाला किंवा सुनेला मध्ये बसवूनही तेच होतं. आई मुलासमोर अंगावरून जाण्याबद्दल बोलत नाही, आणि मुलगा कर्करोगाचा शब्द आईला सांगत नाही. डॉक्टरही म्हणूनच घरच्या माणसापेक्षा दुभाष्याला पसंती देतात.

बोलावणं आलं की जा

४० ते ७४ वयात, आधीचा मधुमेह किंवा हृदयविकार नसेल तर, दर पाच वर्षांनी एनएचएस हेल्थ चेक असतो. आपल्या लोकांसाठी वजनाची धोक्याची रेषाही खाली आहे: बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २३ झाला की जोखीम वाढलेली आणि २७.५ला जास्त मानतात. इतरांना हेच आकडे २५ आणि ३०. रक्तात साखर सीमेवर असेल तर मधुमेह टाळण्याच्या फुकट कार्यक्रमात नाव घालायला सांगा.

२५ ते ६४ वयाच्या स्त्रियांना गर्भाशयमुखाच्या चाचणीचं, ५० ते ७१ला स्तनांच्या तपासणीचं पत्र येतं. ५० ते ७४ वयाच्या सगळ्यांना दर दोन वर्षांनी आतड्याच्या कर्करोगाच्या चाचणीचं किट टपालाने घरी येतं. शौचाचा नमुना पाठवायचा असतो म्हणून आपल्याकडचे लोक ते किळसेने कपाटात टाकतात. टाकू नका.

बाळ इथे जन्मलं आणि आई-बाबा किंवा आजी-आजोबांपैकी कोणी भारतात जन्मलेलं असेल तर बाळाला क्षयाची बीसीजी मिळते. ती इथे सगळ्यांना देत नाहीत, त्यामुळे कोणी विचारलं नाही तर तुम्ही विचारा. आणि ड जीवनसत्त्व: सावळ्या कातडीला इथलं ऊन पुरत नाही, म्हणून दक्षिण आशियाई लोकांनी वर्षभर रोज १० मायक्रोग्रॅम घेण्याचा विचार करावा असा एनएचएसचा सल्ला आहे. ते दुकानातूनच विकत घ्यायचं.

औषधाने न बरी होणारी दुखणी

नवरा किंवा बायको दिवसभर कामावर, दुपारी चारला अंधार, ओळखीचं कोणी नाही, मायदेशी फोन करावा तर तिथे झोपायची वेळ. डिपेंडंट व्हिसावर आलेल्या किती जणी, आणि जणही, पहिला हिवाळा असा काढतात. मग डोकं दुखतं, झोप येत नाही, आणि डॉक्टरकडे जाऊन सांगितलं जातं ते फक्त डोकं.

यासाठी सर्जरीत ‘सोशल प्रिस्क्रायबिंग लिंक वर्कर’ असतो. रिसेप्शनवर त्याची भेट मागता येते, आजार सिद्ध करावा लागत नाही. तो डॉक्टर नाही, म्हणून त्याला दहा मिनिटांची घाई नसते. तुम्हाला काय हवंय ते ऐकून तो गावातल्या संस्थांशी गाठ घालून देतो: इंग्रजीचे वर्ग, चालायला जाणारा गट, बागकाम, शिवणकाम, स्वयंसेवकाचं काम, कर्जाचा सल्ला, घराच्या ओलीची तक्रार कुठे करायची ते. एकट्याने जायला धीर होत नसेल तर पहिल्या वेळी सोबत कोणी येईल का तेही विचारा. शनिवारी सकाळी ९ वाजता बऱ्याच बागांत पार्करन, म्हणजे सगळ्यांनी मिळून धावणं, असते. पाच किलोमीटर, फुकट, आणि चालत गेलं तरी कोणी हसत नाही. लंडनमध्ये असाल तर १९३२ साली स्थापन झालेलं महाराष्ट्र मंडळ आहे, आणि इतर शहरांतही मराठी मंडळं आहेत. पण माझा आग्रह आहे की पायी जाता येईल असा एक तरी इथला गट धरा. गणपतीत भेटणारी माणसं फेब्रुवारीतल्या मंगळवारी कामाला येत नाहीत.

बाळंतपणानंतर हे आणखी खरं. आई आली तर येते, व्हिसा नाकारला गेला तर सगळं दोघांवरच. जन्मानंतर १० ते १४ दिवसांत हेल्थ व्हिजिटर, म्हणजे आई-बाळाची खास नर्स, घरी येते आणि पाच वर्षांपर्यंत तिची मदत असते. ती बाळाचं वजन बघायला आली आहे असं समजून चहा देऊन वाटेला लावू नका. रडू येतंय, बाळाबद्दल काहीच वाटत नाही, हे तिला सांगता येतं, आणि असं सांगितलं म्हणून बाळ काढून नेतात ही नुसती अफवा आहे. सहा ते आठ आठवड्यांनी आईची स्वतःची तपासणी जीपीकडे असते, ती मागून घ्या. गावातल्या फॅमिली हब या कुटुंबांसाठीच्या केंद्रात किंवा लायब्ररीत बाळांची गाणी-खेळ असतात. बाळासाठी म्हणून जा, पण खरा उपयोग आईलाच होतो.

घरात म्हाताऱ्या किंवा आजारी माणसाचं करणारे असाल तर सर्जरीत ‘केअरर’ म्हणून नाव लावा. आपल्याला ते कर्तव्य वाटतं, नाव कशाला लावायचं असं वाटतं. नाव लावलं की अपॉइंटमेंटमध्ये सवलत, फ्लूची लस आणि मदतीची माहिती मिळते. काउन्सिलकडून, म्हणजे तिथल्या पालिकेकडून, केअरर्स असेसमेंट, म्हणजे तुम्हाला काय मदत लागते याची पाहणी, हीही मागा. २०१४च्या केअर ॲक्टने तो हक्क दिलेला आहे आणि तुमचं उत्पन्न कितीही असलं तरी तो मागता येतो.

इथे एक सावधगिरी. तुमच्या व्हिसावर ‘नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स’ (सरकारी भत्ते घ्यायचे नाहीत) अशी अट असेल तर केअरर्स अलाउन्स, अटेंडन्स अलाउन्स असे भत्ते घेतल्यास व्हिसा अडचणीत येऊ शकतो. एनएचएसचे उपचार त्या अटीत मोडत नाहीत, त्यासाठी बिनधास्त जा. पैशाच्या स्वरूपातल्या कुठल्याही मदतीचा अर्ज भरण्याआधी सिटिझन्स ॲडव्हाइस या सल्ला देणाऱ्या संस्थेत व्हिसाचे कागद दाखवून विचारा, सल्ला फुकट असतो.

घरात मारहाण किंवा धाकदपटशा असेल तर जीपीला एकटीने भेटायचं आहे असं सांगा. राष्ट्रीय हेल्पलाइन ०८०८ २००० २४७ चोवीस तास चालू असते. साउथॉल ब्लॅक सिस्टर्स ही संस्था आपल्या भागातून आलेल्या स्त्रियांना अनेक वर्षं मदत करते आहे. व्हिसा नवऱ्यावर अवलंबून आहे म्हणून गप्प राहावं लागतं हे खरं नाही, त्यासाठी वेगळे नियम आहेत.

आई-बाबा सहा महिने आले तर

व्हिजिटर व्हिसावर आलेल्यांना जीपीकडे तपासून घेता येतं, फुकट. तीन महिन्यांपेक्षा कमी राहणार असतील तर तात्पुरती नोंदणी करतात. अपघात विभागातला उपचारही फुकट. पण तिथून दाखल केलं किंवा तज्ज्ञाकडे पाठवलं की बिल सुरू होतं, तेही एनएचएसच्या दराच्या दीडपट. तातडीचा उपचार पैशांसाठी अडवत नाहीत, बिल नंतर येतं. मात्र ५०० पौंडांच्या वरचं बिल दोन महिन्यांहून जास्त थकलं तर पुढचा व्हिसा नाकारला जाऊ शकतो. म्हणून आधीच्या आजारांसकट सगळं उघड सांगून काढलेला प्रवासविमा हवाच. मधुमेह लपवून काढलेला स्वस्त विमा ऐन वेळी कागदापुरताच उरतो.

तक्रार, आणि बोलायची दुसरी जागा

काही बिनसलं तर आधी प्रॅक्टिस मॅनेजरला लिहून द्या. सर्जरीशी बोलायचं नसेल तर भागाच्या इंटिग्रेटेड केअर बोर्डाकडे, म्हणजे तिथली आरोग्यसेवा बघणाऱ्या मंडळाकडे, तक्रार करता येते. दोन्हीपैकी एकाकडेच. उत्तर पटलं नाही तर पुढे ऑम्बुड्समन, म्हणजे तक्रारींचा स्वतंत्र निवाडा करणारा अधिकारी. घटनेपासून बारा महिन्यांच्या आत तक्रार करावी लागते. हॉस्पिटलबद्दल असेल तर तिथल्या ‘पाल्स’ या रुग्णांच्या मदत कार्यालयात जा, बऱ्याच गोष्टी तिथेच मिटतात. तक्रार केली म्हणून उपचारात डावं-उजवं करता येत नाही, आणि पटत नसेल तर भागातल्या दुसऱ्या सर्जरीत नाव घालायलाही कोणाची परवानगी लागत नाही.

रागापेक्षा उत्साह जास्त असेल तर सर्जरीच्या पेशंट पार्टिसिपेशन ग्रुपमध्ये, म्हणजे रुग्णांच्या गटात, जा. २०१५पासून प्रत्येक सर्जरीने असा गट ठेवणं बंधनकारक आहे. तिथे बहुधा निवृत्त मंडळी असतात आणि नवं, तरुण, वेगळ्या भाषेचं माणूस आलं की त्यांना बरं वाटतं. फोनच्या रांगेचं काय करायचं यावर तिथे खरोखर चर्चा होते.

गाव बदललं, किंवा भारतात लांब मुक्काम असेल

नव्या गावात गेलात की तिथल्या सर्जरीत नाव घाला. जुनी नोंद आपोआप तिकडे येते, जुन्या सर्जरीतून दाखला आणावा लागत नाही. तीन महिन्यांपेक्षा जास्त काळ भारतात जाणार असाल तर सर्जरीला कळवा. तुमचं नाव यादीतून काढलं जाऊ शकतं, आणि परत आल्यावर ते पुन्हा घालायचं असतं. जाण्यापूर्वी औषधं किती दिवसांची देतील ते महिनाभर आधी विचारा. परतताना तिथे केलेल्या तपासण्यांचे इंग्रजी रिपोर्ट घेऊन या, आणि पहिल्याच आठवड्यात सर्जरीत द्या.